रेघा ओढणारी रात्र

मरीन ड्राइव्हच्या रात्रीच्या फोटोत मोटारी दिसत नाहीत, मोटारींच्या रेघा दिसतात. येणाऱ्यांची पिवळी, जाणाऱ्यांची तांबडी. कॅलेंडरवर, ग्रीटिंग कार्डावर, इराण्याच्या भिंतीवर हा फोटो आम्ही लहानपणापासून पाहत आलो, आणि त्या रेघा म्हणजे कुणा कलावंताची खास करामत असणार असं धरून चाललो. पुढे हातात कॅमेरा आला तेव्हा कळलं, हा सगळा नाइलाजाचा मामला होता. रात्री उजेड इतका थोडा, की शटर पंधरा-वीस सेकंद उघडं ठेवल्याशिवाय फिल्मवर काही उमटायचंच नाही. तेवढा वेळ गाडी थोडीच थांबणार? ती निघून जायची आणि तिचे दिवे मागे राहायचे.

आज तीच रेघ मागून घ्यावी लागते. फोन आपणहून ती देत नाही. उलट चुकून आली तर पुसतो. तेव्हा रेघ टाळता येत नव्हती, आता ती मुद्दाम काढावी लागते. रात्रीच्या फोटोग्राफीचं तेव्हा आणि आता एवढ्यातच आलं.

फोटोग्राफीच्या अगदी जन्मकाळी तर रेघसुद्धा उमटत नसे. 1838 साली पॅरिसमध्ये लुई दागेरने उंचावरच्या खिडकीतून बुलेव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचा फोटो घेतला. वर्दळीचा रस्ता, तोही दिवसाउजेडी. पण प्लेटला काही मिनिटं उजेड द्यावा लागला आणि तेवढ्यात घोडागाड्या, पादचारी, सगळे नाहीसे झाले. राहिला तो कोपऱ्यावर बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस, कारण तो पाय पुढे करून जागच्या जागी उभा होता. थांबेल तो राहील, हा दिवसाचा कायदा. रात्री तो उलटतो. ज्याच्याजवळ दिवा आहे तो चालता चालताही फोटोत येतो, दिवा नसलेला विरून जातो. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावरचा शेंगदाणेवाला आमच्या फोटोंत कधी दिसला नाही; त्याच्या टोपलीतल्या निखाऱ्यांची तांबूस वाट मात्र काही निगेटिव्हांत सापडते.

ऐंशीच्या दशकात या नादाला लागायचं तर सामान फारसं नव्हतं, जमवाजमव मात्र होती. कॅमेऱ्याच्या चकतीवर ‘बी’ हे अक्षर हवं. बटण दाबून धरू तोवर शटर उघडं राहणार. बोट थरथरतं म्हणून केबल रिलीज, आणि तिचा स्क्रू आवळला की बोट सोडलं तरी चालतं. हे सगळं फोर्टातल्या बोरा बाजारात घासाघीस करून मिळायचं. ट्रायपॉड परवडला तर जड, नाहीतर हलका आणि त्याला लटकवलेली विटांची पिशवी. फिल्म म्हणजे उटीच्या कारखान्यातली इंदू किंवा पूर्व जर्मनीहून येणारी ओर्वो. रंगीत रोल हवा तर आखातातल्या कुणा आतेभावाची वाट पाहायची, आणि तो आला की त्याच्या घरच्यांचे फोटो काढून उरलेल्या फ्रेमा रात्रीसाठी राखायच्या.

मलबार हिलवर कमला नेहरू पार्कच्या बाजूला ट्रायपॉड मांडला की हवालदार हटकून यायचा. “कसला सर्व्हे चाललाय?” रस्ता रुंद होणार, झोपड्या हटणार, नवी लाइन पडणार, असे सगळे तर्क त्या तीन पायांवरून निघत. फोटो काढतोय म्हटलं तर विश्वास बसायचा नाही, कारण फ्लॅश उडत नव्हता. मग त्यालाच शेजारी उभं करून केबलचं बटण दाबायला द्यायचं. त्यानंतर तोच गर्दी मागे सारायचा. आता फोन काढून कुणी काहीही टिपलं तरी कुणाचं लक्ष नसतं. ट्रायपॉड दिसला की मात्र सुरक्षारक्षक परवानगी विचारतो. तीन पायांबद्दलचा संशय तेवढा कायम आहे.

खरी कसोटी होती ती वेळेची. मीटर सांगेल तेवढा वेळ दिला की झालं, असं नव्हतं. उजेड फार मंद असला की फिल्म सुस्तावते, आणि वेळ वाढवू तसतशी आणखी सुस्तावते. हा हिशोब नीट मांडला कार्ल श्वार्झशिल्डने. पुढे कृष्णविवरांच्या गणितामुळे ज्याचं नाव झालं, तोच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नातल्या वेधशाळेत ताऱ्यांचे फोटो घेताना त्याच्या हे ध्यानात आलं. कोडॅकच्या ट्राय-एक्स फिल्मच्या तक्त्यात आकडेच होते. मीटर 1 सेकंद म्हणत असेल तर 2 द्या, 10 म्हणत असेल तर 50, आणि 100 म्हणत असेल तर 1,200, म्हणजे 20 मिनिटं. हा तक्ता आम्ही वहीच्या पुठ्ठ्यावर उतरवून ठेवलेला असे.

एवढा वेळ अंधारात मोजायचा कसा? 1930च्या आसपास पॅरिसच्या रात्री टिपणारा ब्रासाय सिगारेटवर मोजायचा. एका जातीची सिगारेट जरा उजेडाच्या जागी, दुसरी, जास्त वेळ जळणारी, अंधाऱ्या गल्लीसाठी. आमच्या टोळक्यात मनाचे श्लोक चालत. सावकाश म्हटला तर एक श्लोक दहा-बारा सेकंदांचा. पाच श्लोकांत मिनिट भरतं. एकाजवळ रेडियमच्या काट्यांचं एचएमटी होतं, तो श्लोकवाल्यांना हसायचा. दोघांचेही फोटो सारखेच यायचे, कारण वीस सेकंदांऐवजी बावीस झाले तर रात्रीला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो वीसचे चाळीस झाले तर.

मोजता मोजता काय घडेल ते सगळं त्या एका फ्रेमवर साचायचं. गणपतीत गिरगाव चौपाटीला, दिवाळीत गच्चीवर, त्रिपुरी पौर्णिमेला देवळापुढच्या दीपमाळेसमोर. दीपमाळेचा दगड स्थिर आणि ज्योती हलत्या, त्यामुळे प्रत्येक कोनाड्यात उजेडाचा एक फुगीर गोळा उमटायचा. बाणांच्या आतषबाजीला शटर उघडंच ठेवायचं आणि लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरायचा. बाण सुटला की पुठ्ठा बाजूला, फुटून विझला की परत पुढे. असे चार-पाच बाण एकाच आकाशात गोळा व्हायचे. गावाकडच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्यांची रांग पुढे सरकायची आणि तिची एक पांढरीफटक लाट व्हायची, चालीच्या हेलकाव्यासकट. नवरा-नवरी बहुधा त्या लाटेखाली हरवलेले असत. त्यांच्या आल्बमसाठी फ्लॅशवाला वेगळा होताच.

मग रोल धुवायला टाकायचा. कृष्णधवल घरीच, मोरीत, डी-76 आणि हायपोच्या वासात. रंगीत लॅबला, आणि तिथे रात्रीच्या फोटोंची वेगळीच तऱ्हा. अख्खा रोल रात्रीचा असला की निगेटिव्हवर एक फ्रेम कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते तेच कळत नाही. मग कापणारा अंदाजाने कापायचा आणि फटाक्याचे दोन तुकडे व्हायचे. यावर तोडगा असा की पहिली फ्रेम दिवसाउजेडी काढायची, म्हणजे कापायला माप मिळतं. प्रिंट काढणारं यंत्र काळं आकाश पाहून गडबडायचं आणि उजेड वाढवून ते राखाडी करून टाकायचं. काही फ्रेमा तर छापल्याच जात नसत. पाकिटावर शेरा, ‘ब्लँक’. त्या ‘ब्लँक’मध्ये कधी संबंध मृग नक्षत्र असायचं. म्हणून जाणते लोक रात्रीसाठी स्लाइड फिल्म वापरत. तिच्यात मधलं यंत्र नाही; जे पडलं ते पडलं.

ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

डिजिटल कॅमेरा आला आणि पहिल्यांदा हा अंदाजपंचे कारभार थांबला. पडद्यावर लगेच दिसू लागलं, वेळ कमी पडला तर पुन्हा. सेन्सरला फिल्मसारखी सुस्ती येत नाही, त्यामुळे पुठ्ठ्यावरचा तक्ता गेला. सेन्सरचं दुखणं वेगळं. फार वेळ उघडा राहिला तर त्यात रंगीत दाणे उमटतात. ते काढायला कॅमेरा शटर मिटून तेवढाच वेळ आणखी एक कोरी फ्रेम घेतो आणि पहिलीतून वजा करतो. चार मिनिटांचा फोटो, चार मिनिटांची वजाबाकी.

दाणे टाळायची दुसरी युक्ती म्हणजे तुकडे पाडणं, आणि तिने सगळंच बदललं. आकाश तासाला 15 अंश फिरतं. फिल्मवर ताऱ्यांच्या कमानी हव्या तर शटर एकदा उघडून दोन-तीन तास बसायचं. मध्ये दव पडलं, विमान गेलं, खालच्या वाडीतल्या कुणी बॅटरी मारली, तर रात्र वाया. पुण्याहून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर, तेव्हा डोंगराची कड कुठे येते हे दुपारीच पाहून ठेवावं लागे. आता तीस-तीस सेकंदांच्या शेकडो फ्रेमा घेतात आणि संगणकात त्यांची गोधडी शिवतात. विमान आलेला तुकडा बाजूला काढला की झालं. काही कॅमेरे ही शिवण आतल्या आत करतात आणि रेघ वाढताना पडद्यावर दिसत राहते. पुठ्ठा धरून उभं राहिलेल्या माणसाला हे दाखवलं तर तो आधी हसेल आणि मग गप्प होईल.

फोनने याच तुकड्यांचा उलटा उपयोग केला. 2018 साली गुगलच्या पिक्सेलमध्ये नाइट साइट आलं, पुढच्या वर्षी आयफोन 11मध्ये नाइट मोड. पिक्सेल एका फोटोसाठी जास्तीत जास्त 15 फ्रेमा घेत असे, आणि फोन हातात असेल तर त्यातली एकेक फार तर एक तृतीयांश सेकंदाची. मग यंत्र त्या एकावर एक बसवतं. हाताचा थरकाप जुळवून घेतं. एखादा माणूस मध्येच हलला तर त्याच्या बाकीच्या खुणा गाळून एकच ठेवतं. म्हणजे वेळ लांबच, पण चाललेलं सगळं जागच्या जागी थिजवायचं. दागेरच्या रस्त्यावरचे सगळे पादचारी आज फोटोत आले असते, आणि बूट पॉलिशवाल्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

यात आपण काही गमावलं म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही. फिल्मवर न जमणाऱ्या कितीतरी गोष्टी आता जमतात. काजवे घ्या. मे संपताना, पहिल्या पावसाच्या तोंडावर अकोले तालुक्यात पुरुषवाडी, भंडारदरा या भागात हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं लुकलुकू लागतात. आमच्या रंगीत फिल्मवर त्या झाडांचे चार ठिपके उमटले तरी पार्टी व्हायची. आज तेच झाड मुळापासून शेंड्यापर्यंत हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांनी गच्च दिसतं. फक्त एवढं ध्यानात ठेवावं की तो दोन-दोन तासांचा लखलखाट एका चित्रात भरलेला असतो. इतके काजवे एका क्षणी तिथे कुणीच पाहिलेले नसतात. आणि ते पाहायला येणाऱ्या गाड्यांच्या हेडलाइटांनी त्यांच्या मीलनात विघ्न येतं, म्हणून वन विभागाला निर्बंध घालावे लागतात. फोटो सोपा झाला, त्याचा भार काजव्यांवर पडला.

कॅमेऱ्याइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, रात्र बदलली आहे. जुन्या स्लाइड भिंतीवर टाकल्या की हे पटकन दिसतं. तेव्हा प्रत्येक दिव्याची जात वेगळी. रस्त्यावर सोडियमचा गडद पिवळा, गोदीकडे पाऱ्याच्या दिव्याचा निळसर-हिरवा, चाळीच्या खोलीत बल्बचा नारिंगी, दुकानातल्या ट्यूबलाइटला फिल्मवर हिरवी झाक. एका फ्रेममध्ये हे चारही असले की इमारत न ओळखताही सांगता यायचं, हे ऑफिस, ही बिऱ्हाडं, हा दवाखाना. 2015 साली मरीन ड्राइव्हवर सोडियम काढून पांढरे एलईडी बसवले, तेव्हा राणीचा हार, म्हणजे तिथली दिव्यांची रांग, फिका पडला म्हणून मुंबईत केवढी ओरड झाली. शेवटी तिथे पिवळसर दिवे परत आले. बाकीच्या रस्त्यांसाठी कुणी ओरडलं नाही. ते पांढरे झाले ते झालेच.

रेघाही बदलल्या. हेडलाइटच्या वरच्या भागाला काळा रंग फासायची पद्धत होती, त्यामुळे येणाऱ्या गाड्यांची रेघ मऊ, लोण्याच्या रंगाची असायची. आताची पांढरीशुभ्र, निळसर, डोळ्यांत जाणारी. काही एलईडी दिवे सेकंदाला शेकडो वेळा लागतात-विझतात. डोळ्याला ते कळत नाही, पण लांब एक्स्पोजरमध्ये अशा गाडीची रेघ तुटक ठिपक्यांची येते. डबल डेकर गेली की फोटोत खिडक्यांच्या उजेडाचे दोन मजली पट्टे पडायचे. बेस्टची जुनी डिझेल डबल डेकर सप्टेंबर 2023मध्ये बंद झाली, त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आमच्या निगेटिव्हांत त्या टॅक्स्या कुठेच नाहीत, त्यांच्या रेघा आहेत. त्याही मोजक्या उजेडाच्या.

आणि अंधार. 1997च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळनंतर वायव्येला नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. साधी 50 एमएमची लेन्स, 400 स्पीडचा रोल, बारा-पंधरा सेकंद, एवढ्यावर गावाच्या वेशीवरून त्याची शेपटी मिळायची. पुढे भारनियमनाच्या वर्षांत लोक वीज मंडळाच्या नावाने बोटं मोडत असताना तारे टिपणारे मात्र कोणत्या भागात किती वाजता वीज जाणार त्याचं वेळापत्रक खिशात ठेवून हिंडत. तो अंधार फुकट होता. आता अंधार राखावा लागतो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या रात्रीच्या कृत्रिम उजेडाच्या जागतिक नकाशानुसार जगातल्या एक तृतीयांशाहून अधिक माणसांना आकाशगंगा दिसतच नाही. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली; तिथे दिवे झाकून, खाली वळवून रात्र सांभाळली जाते. अंधार होता तेव्हा आमच्या कॅमेऱ्याला दिसत नव्हतं. कॅमेऱ्याला दिसू लागलं तेव्हा अंधार पाहायला तिकीट काढून जावं लागतं.

या जुन्या स्लाइड परवा भाचीला दाखवत होतो. ती फोनवर चार मिनिटांत आकाशगंगा काढते, आणि चांगली काढते. दादरच्या एका रस्त्याच्या स्लाइडवर तिने विचारलं, “मामा, तेव्हा रस्ते खरंच असे पिवळे होते, की तुझी फिल्म पिवळी पडलीये?”

“अगं, फिल्म थोडी बदलली असेल. पण रस्ता पिवळाच होता.”

“मग माझ्या फोनमध्ये असा का येत नाही? आमच्या गल्लीत अजून दोन पिवळे दिवे आहेत.”

तिच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. फोन तो पिवळेपणा चूक समजतो. पांढरी भिंत कुठल्याही दिव्याखाली पांढरी दिसली पाहिजे, असा त्याला धडा दिलेला असतो. म्हणून तो सोडियमचा रंग धुऊन टाकतो, आकाश जरा निळं करतो, सावल्या उजळतो. आमच्या स्लाइडला एवढी अक्कल नव्हती. दुपारच्या उन्हासाठी बनवलेली फिल्म रात्री उघडी ठेवली, तिच्यावर जे पडलं ते तिने मुकाट्याने घेतलं: पिवळा तो पिवळा, हिरवा तो हिरवा, काळा तो काळा. हौशी माणसांनी नाइलाजाने काढलेले ते फोटो आज शहराच्या उजेडाची नोंदवही झाले आहेत. कोणत्या साली कोणता रस्ता कुठल्या रंगाचा होता हे त्यांच्यावरून सांगता येतं. आजचे कोट्यवधी सुंदर फोटो हे सांगू शकणार नाहीत, कारण त्यांतली प्रत्येक रात्र आधीच दुरुस्त केलेली आहे.

एलईडीही कायमचे नाहीत. आणखी वीस वर्षांनी आजचा हा पांढरा उजेड कुणालातरी पाहावासा वाटेल, आणि तेव्हा तो कुठे सापडणार? म्हणून भाचीला एक काम सांगितलं, तेच वाचकांनाही सांगतो. वर्षातून एकदा, घरच्या एकाच खिडकीतून, एकच फोटो असा काढावा ज्यात यंत्राला शहाणपणा करू द्यायचा नाही. फोन किंवा कॅमेरा खिडकीच्या कठड्यावर पक्का ठेवायचा. प्रो किंवा मॅन्युअल मोड लावायचा, व्हाइट बॅलन्स उन्हाच्या चिन्हावर, वेळ वीस सेकंद, आणि जमत असेल तर रॉ फाइल. गाड्या रेघा होऊन जातील, जाऊ द्याव्यात. खाली तारीख आणि कोणते दिवे आहेत ते लिहून ठेवावं. वेळ मोजायला फोन आहेच; श्लोक येत असतील तर दोन म्हटले तरी भागतं.